जांघेतलं अवधाण, मानेतली गाठ

ऊस तुटून गेलेल्या रानातून किंवा तंबाखूच्या खुंटांमधून अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला कधी ना कधी बारीक जखम होतेच. तो तिच्यावर हळद दाबतो आणि कामाला लागतो. दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ उठते. हात लावला की ठणकते, पाऊल टाकताना ओढ बसते. "अवधाण आलंय," घरातलं जाणतं माणूस म्हणतं आणि जांघेकडे न बघता पायाकडे बघतं. "कुठं लागलंय काय बघ." निपाणी, चिकोडी, कागल या पट्ट्यात हे ज्ञान कुणी पुस्तकातून घेतलेलं नाही, पण ते शरीररचनेच्या दृष्टीनं अगदी अचूक आहे. दुखणं जिथं सुरू झालं ती जागा एक आणि गाठ उठते ती जागा दुसरी. या दोन जागांमध्ये एक ठरलेली वाट असते.

ती वाट रक्ताची नव्हे. तळपायाच्या जखमेतले जंतू रक्तात गेले असते, तर ते आधी हृदयात आणि मग सगळीकडे गेले असते. जांघेशीच थांबायचं त्यांना काही कारण नव्हतं. रक्तवाहिन्यांच्या सोबतीनं, पण त्यांच्यापासून वेगळं, वाहिन्यांचं दुसरं जाळं आपल्या शरीरात आहे. त्यातून लसिका नावाचा फिकट, पाण्यासारखा द्रव वाहतो. या वाहिन्या, वाटेवरच्या लसिकाग्रंथी आणि त्यांच्या जोडीला प्लीहा, थायमस, टॉन्सिल, आतड्याच्या भिंतीतले पेशींचे पुंजके असा हा सगळा संसार आहे. हृदय आणि फुप्फुसं शाळेतच ओळखीची होतात. लसिकासंस्था मात्र बहुतेकांना आजार झाल्यावरच भेटते.

सुरुवात गळतीपासून करू. रक्त सर्वांत बारीक केशवाहिन्यांतून जातं, तेव्हा दाबामुळे त्यातलं पाणी, क्षार आणि थोडी प्रथिनं भिंतीतून बाहेर झिरपतात. पेशींना अन्न मिळतं ते याच झिरप्यातून. लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली या देवघेवीचा हिशेब मांडला. बाहेर ढकलणारा रक्ताचा दाब आणि आत ओढणारी रक्तातली प्रथिनं यांच्यात सतत रस्सीखेच चालू असते. जुन्या पाठ्यपुस्तकांत दिवसाला सुमारे २० लिटर द्रव बाहेर पडतो, १७ लिटर तिथल्या तिथं रक्तात परततो आणि उरलेले ३ लिटर लसिकावाहिन्या नेतात, असा आकडा असे. अलीकडच्या मोजमापांनी हे चित्र बदललं. बहुतेक ऊतींमध्ये केशवाहिन्या बाहेर पडलेला द्रव फारसा परत घेतच नाहीत. दिवसाला साधारण आठ लिटर द्रव लसिकावाहिन्यांत शिरतो आणि त्यातला निम्मा वाटेतल्या ग्रंथींमध्येच रक्तात मिसळतो.

या भागातल्या वाचकाला हे समजायला शेतीच उपयोगी पडेल. कृष्णा-दूधगंगेच्या काठच्या काळ्या रानाला वर्षानुवर्षं भरपूर पाणी पाजलं आणि निचऱ्याचा चर काढला नाही, तर रान पाणथळ होतं, क्षार वर येतात आणि ऊस पिवळा पडतो. पाणी आणणारा पाट जितका महत्त्वाचा, तितकाच ते काढून नेणारा चरही. लसिकावाहिन्या हे शरीराच्या निचऱ्याचं काम करतात. त्या द्रवासोबत जी प्रथिनं परत नेतात, त्यांना रक्तात जायला दुसरा रस्ताच नाही. रक्तद्रवातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास निम्मी रोज या मार्गानं घरी येतात. हा मार्ग पूर्ण बंद झाला तर माणूस दिवसभरही तग धरणार नाही. एखाद्या भागापुरता बंद झाला, तर तिथं सूज साचते आणि कातडी जाड, टणक होत जाते. हत्तीरोगात हेच घडतं. डासांमार्फत आलेले सुतासारखे कृमी पायाच्या लसिकावाहिन्यांत घर करतात आणि वर्षानुवर्षं त्यांची मोडतोड करत राहतात. पूर्व विदर्भ आणि कलबुर्गी-बिदरकडच्या लोकांना ते पाय चांगले परिचयाचे आहेत.

लसिकेच्या सर्वांत बारीक नळ्यांचं एक टोक बंद असतं. त्यांच्या भिंतीतल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतीला बांधलेल्या असतात. आजूबाजूला पाणी वाढलं, ऊती फुगली की हे तंतू ताणले जातात आणि पेशींच्या कडा उघडतात. द्रव आत शिरतो. आतला दाब वाढला की कडा मिटतात. म्हणजे सूज स्वतःच दार उघडते. पुढच्या जाड वाहिन्यांत झडपा असतात आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा आपणहून आकुंचन पावतो. हृदयासारखा एखादा मोठा पंप इथं नाही. उरलेला जोर चालण्याचा, श्वासाचा आणि शेजारी ठोके देणाऱ्या धमन्यांचा. मांडीवर सूप घेऊन दिवसभर एका जागी बिड्या वळणाऱ्या बाईचे पाय संध्याकाळी सुजतात, त्याचं एक कारण हेच. पोटरीचे स्नायू हलले नाहीत की शिरांतलं रक्त आणि वाहिन्यांतली लसिका, दोन्ही खालीच रेंगाळतात.

पायांकडून आणि पोटातून येणाऱ्या मोठ्या वाहिन्या कमरेच्या वरच्या मणक्यांपुढे एकत्र येतात. तिथून निघते ती वक्षवाहिनी, प्रौढ माणसात साधारण ४० सेंटिमीटर लांब. ती छातीत पाठीच्या कण्याला लागून वर चढते, मध्येच डावीकडे सरकते आणि मानेच्या तळाशी, डाव्या गळपट्टीच्या हाडामागे, दोन मोठ्या शिरांच्या संगमावर रक्तात उघडते. दोन्ही पाय, सगळं पोट, डावा हात, डोक्याची आणि छातीची डावी बाजू, या सगळ्यांची लसिका इथं येते. उजवीकडच्या वरच्या भागापुरती वेगळी, आखूड वाहिनी आहे. उजवा-डावा असा समसमान नकाशा इथं नाही आणि ही गोष्ट डॉक्टरांना फार उपयोगी पडते. पोटातल्या कर्करोगाची गाठ कधी कधी सगळ्यांत आधी डाव्या गळपट्टीच्या हाडावर हाताला लागते. बर्लिनच्या रुडॉल्फ विरशॉव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ती ओळखली होती.

हे जाळं पहिल्यांदा दिसलं तेही पोटात. १६२२ साली इटलीत गास्पारे आझेली यांनी नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं. आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं दिसलं. एक दोरा कापल्यावर दुधासारखा द्रव बाहेर आला. आपण खाल्लेलं तूप, शेंगदाण्याचं तेल, भाकरीवरचं लोणी यांतली बहुतेक स्निग्धद्रव्यं आतड्यातून थेट यकृताकडे जात नाहीत. ती बारीक थेंबांच्या रूपात या वाहिन्यांत शिरतात आणि वक्षवाहिनीतून मानेपर्यंतचा सगळा वळसा घेऊन रक्तात येतात. आझेलींचं कुत्रं उपाशी असतं, तर त्यांना बहुधा काहीच दिसलं नसतं. जेवणाआधी त्या वाहिन्यांतला द्रव जवळपास पारदर्शकच असतो.

निचऱ्यापुरतंच हे जाळं असतं, तर गाठींची गरज नव्हती. शरीरभर पाचशे-सहाशे किंवा त्याहूनही अधिक लसिकाग्रंथी आहेत आणि त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश एकट्या मानेत आहेत. निरोगी माणसाची ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी ते घेवड्याच्या बीएवढी असते. अनेक वाहिन्या एका बाजूनं तिच्यात लसिका ओततात आणि दुसऱ्या बाजूनं एक-दोनच बाहेर पडतात. आत द्रवाचा वेग मंदावतो. तिथं भक्षक पेशी बसलेल्या असतात, शिवाय लिंफोसाइट्स नावाच्या लाखो पांढऱ्या पेशी. यांतली प्रत्येक लिंफोसाइट एखाद्याच परक्या रेणूला ओळखते. एखाद्या विशिष्ट जंतूला ओळखणारी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. जखम कुठंही होऊ शकते आणि तिथं नेमकी तीच पेशी हजर असण्याची शक्यता जवळपास नाहीच. म्हणून शरीरानं व्यवस्था उलटी केली आहे. जखमेतला माल ग्रंथीपर्यंत येतो आणि लिंफोसाइट्स रक्तातून ग्रंथीत, ग्रंथीतून लसिकेत, लसिकेतून परत रक्तात अशा फिरत राहतात. एका ग्रंथीत साधारण दिवसभर थांबायचं, ओळखीचं काही सापडलं नाही तर पुढची गाठायची. हे फिरणं ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकात सिद्ध केलं. त्याआधी लिंफोसाइट्स नेमक्या करतात काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तळपायाच्या जखमेतून जंतू आले की जांघेतली ग्रंथी आपली बाहेर जाणारी दारं काही काळ मिटते. आलेल्या लिंफोसाइट्स आत अडकून राहतात, रक्ताचा पुरवठा वाढतो आणि ज्या पेशीला जंतू ओळखता आला, ती भराभर दुप्पट-चौपट होत जाते. ग्रंथी फुगते, तिचं आवरण ताणलं जातं, म्हणून ठणकते. अवधाण हा आजार नाही, शरीरानं हाती घेतलेलं काम आहे. ते चोळून किंवा शेकून बसवण्यापेक्षा पायाची जखम धुऊन स्वच्छ ठेवणं आणि पू असेल तर डॉक्टरांना दाखवणं, हाच त्यावरचा उपाय.

पण या ग्रंथी हरतातही. बेळगावनं ते फार मोठ्या किमतीत पाहिलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि पुढच्याच वर्षी साथ बेळगावपर्यंत पोचली. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. या भागातल्या जुन्या कुटुंबांच्या आठवणीत त्या झोपड्या अजून आहेत. शेजारच्या हुबळीत १८९८ साली हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. पुढे १९०८-०९ मध्ये प्लेग आयोगानं बेळगावात उंदीर, पिसवा आणि माणसं यांचा एकत्र अभ्यास केला. गाठीचा ताप म्हणून लोक ज्याला ओळखत, त्यातली गाठ म्हणजे लसिकाग्रंथीच. उंदरावरची पिसू पायाला चावली की गाठ जांघेत, हाताला चावली की काखेत, चेहऱ्याला किंवा मानेला चावली की गळ्याशी. बहुतेकांना ती जांघेत येई. कुठली पिसू, कधी चावली, हे रोग्याला सांगता येत नसे, पण साधारण कुठं चावली ते गाठ सांगे.

त्या गाठीत जे घडायचं ते अवधाणाच्या नेमकं उलट. प्लेगचा जंतू भक्षक पेशींच्या पोटात जाऊनही जगतो, त्यांच्यातच बसून ग्रंथीपर्यंत प्रवास करतो आणि तिथं इतक्या वेगानं वाढतो की ग्रंथी आतून सडत जाते. जिथं अडवायचं, तिथंच त्याचं पोषण होतं. ग्रंथी फुटून जंतू रक्तात गेले की बहुतेक रोगी दगावत.

आज जांघेतल्या गाठीची ती भीती उरलेली नाही. मानेतल्या गाठीची मात्र असायला हवी, आणि निपाणीच्या आसपास ती पुरेशी आहे असं मला वाटत नाही. मानेत गाठ आली की साधारण तीन शक्यता असतात. लहान मुलाचा घसा किंवा दात दुखत असेल, तर जबड्याखालची मऊ, दुखरी गाठ त्याचीच असते आणि दोन-तीन आठवड्यांत बसते. दुसरी क्षयाची, जिला जुने लोक गंडमाळ म्हणतात. एकमेकींना चिकटलेल्या अनेक गाठी, संध्याकाळचा बारीक ताप, कधी फुटून वाहणारं तोंड. क्षय फुप्फुसातच होतो असं मानून ती दुर्लक्षित राहते, पण ठरलेल्या औषधांनी ती पूर्ण बरी होते. तिसरी गाठ कडक असते आणि बऱ्याचदा अजिबात दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच ती महिनोन्महिने अंगावर काढली जाते. लेप लावले जातात, ती चोळली जाते.

निपाणी म्हणजे तंबाखू. बिडीच्या तंबाखूची ही पेठ महाराष्ट्रभर माहीत झाली ती १९८१ च्या आंदोलनानं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पानाच्या भावासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्याच सुमाराला तंबाखूच्या वखारींतल्या आणि बिड्या वळणाऱ्या बायकाही मजुरीसाठी संघटित झाल्या. या पिकावर किती चुली पेटल्या आणि त्यासाठी माणसांनी काय सोसलं, हे विसरून तंबाखूविरुद्ध चार शब्द सांगणं सोपं आहे. ते मला करायचं नाही. पण जे पान हाताला काम देतं, तेच चुन्याबरोबर मळून गालफडात ठेवलं की तिथल्या पेशींच्या जनुकांत मोडतोड करतं. तंबाखूत तयार होणारी नायट्रोसॅमिन नावाची रसायनं त्याला कारण आहेत. धूर झाला नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत खोटी आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत भारतात २१.४ टक्के प्रौढ धूर न होणारा तंबाखू वापरत होते.

तोंडातल्या कर्करोगाच्या पेशींना बाहेर पडायला सर्वांत सोपा रस्ता लसिकेचा, कारण त्या नळ्यांच्या भिंती सैल असतात. पुढची वाट नकाशासारखी ठरलेली असते. खालच्या ओठाच्या मधल्या भागातून आणि जिभेच्या टोकावरून हनुवटीखालच्या ग्रंथी. गालफड, हिरडी, जिभेची कड इथून जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या भागातल्या ग्रंथी. मग मोठ्या शिरेच्या कडेनं खाली, एकामागून एक. गालफडातल्या रोगाची गाठ सहसा एकदम मानेच्या तळाशी उगवत नाही. ग्रंथीत पोचलेली कर्करोगाची पेशी तिथल्या लिंफोसाइट्सना चकवते आणि तिथंच वाढते. रोग एका जरी ग्रंथीत पोचला, तरी रोगी जगण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते. तोंडाच्या कर्करोगात इतका फरक पाडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत.

म्हणून शल्यचिकित्सकांपुढे अनेक दशकं एक प्रश्न होता. तोंडातला व्रण लहान आहे आणि मानेत हाताला काहीच लागत नाही. तरीही मान उघडून ग्रंथी काढायच्या की गाठ येईपर्यंत वाट बघायची? मान उघडणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि अशा बहुसंख्य रोग्यांच्या ग्रंथींत रोग नसतोच. दोन्ही बाजूंना जाणते डॉक्टर होते. उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून आलं. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रोग्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागलं. एका गटात तोंडातल्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसल्यावरच. पहिल्या ५०० रोग्यांच्या विश्लेषणात तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. आठ जणांच्या ग्रंथी आधीच काढल्या, तर त्यांतला एक जीव वाचतो. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभरातली उपचारपद्धती त्यानं बदलली. त्या आकड्यांमागे आपल्याकडच्या माणसांची गालफडं आणि जिभा आहेत. असा प्रश्न इतक्या मोठ्या संख्येनं सोडवता येणं, ही आपल्या रोगाच्या प्रमाणाचीही खूण आहे.

१९०६ साली अमेरिकेत जॉर्ज क्राइल यांनी मांडलेली मूळ शस्त्रक्रिया फार निर्दय होती. ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, गळ्यातली मोठी शीर आणि खांद्याकडे जाणारी नसही काढून टाकत. ती नस गेली की खांदा लोंबतो आणि हात डोक्यावर जात नाही. डोक्यावरून तंबाखूची बोचकी वाहणाऱ्या माणसाचा रोग गेला, पण कामही गेलं. पुढे अर्जेंटिनाचे ओस्वाल्दो सुआरेझ आणि इटलीचे एत्तोरे बोक्का यांनी दाखवलं की ग्रंथी चरबीच्या थरात असतात आणि शीर, स्नायू, नस वाचवूनही त्या थरासकट काढता येतात. आज शक्य तिथं नस जपतात आणि टाके निघाल्यावर खांद्याचे व्यायाम लगेच सुरू करतात. ते व्यायाम रोग्यानं टाळू नयेत. मानेच्या डाव्या बाजूला, अगदी खाली, डॉक्टर आणखी एका कारणानं जपून हात चालवतात. तिथं वक्षवाहिनी असते. तिला इजा झाली, तर रोग्यानं जेवायला सुरुवात करताच जखमेतल्या नळीतून दुधाळ द्रव येऊ लागतो. आझेलींनी पाहिलेला तोच. मग तेल-तूप बंद ठेवून, थेट यकृताकडे जाणारी विशिष्ट स्निग्धद्रव्यं देऊन ती गळती थांबण्याची वाट बघतात. नाही थांबली, तर पुन्हा शस्त्रक्रिया.

या सगळ्याच्या आधीची पायरी मात्र साध्या उजेडात होते. मोठ्या माणसाच्या मानेत तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली कडक गाठ असेल, तर ती कापून बघायची घाई करू नये. आधी तोंड आणि घसा नीट तपासून घ्यावा, मग बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासाव्यात. आधीच चीर दिली, तर रोग पसरलेल्या वाटा विस्कटतात आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. तोंडात बरा न होणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, ही चिन्हं गाठीच्या कितीतरी आधी दिसतात. तिशी ओलांडलेल्यांचं तोंड तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रांत आहे. तिथं एक अडचण नेहमी येते. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की बायका नाही म्हणतात आणि त्या खोटं बोलत नसतात. सकाळी तव्यावर भाजलेली तंबाखूची मशेरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. त्यांना विचारावं लागतं, "काकू, दात कशानं घासता?" आणि मग खालचा ओठ बाहेर ओढून हिरडीपर्यंत बघावं लागतं, कारण मशेरीचं बोट तिथंच फिरतं.